पंचनाम्यात आमची वस्ती कुठे असते?

हवामान बदल हा आपला प्रश्न नाही, असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्या चळवळीत कमी नाहीत. अत्याचाराची प्रकरणे आहेत, शिष्यवृत्ती अडकलेली आहे, नोकऱ्यांचा अनुशेष आहे, गायरानाच्या नोटिसा आहेत. त्यात हे पृथ्वीच्या तापमानाचे लचांड कशाला, असे ते विचारतात. त्यांचा राग आम्हाला समजतो. पर्यावरणाच्या नावाने आजवर आपल्या वस्तीत जे आले ते बहुतेक झाडे लावा म्हणून सांगायला आले. ज्याच्या नावावर चार हात जमीन नाही त्याला रोपटे वाटायचे, फोटो काढायचा आणि निघून जायचे. अशा लोकांमुळे हा विषयच उच्चवर्णीयांच्या फावल्या वेळेचा उद्योग वाटू लागला.

पण विषय कुणी बळकावला म्हणून तो आपला नाही असे होत नाही. पाणी तर किती शतके दुसऱ्यांनी बळकावले होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला गेले ते पाणी आपले आहे हे सांगायलाच. आम्ही म्हणतो की पावसाचे जे बिघडले आहे त्याचा हिशेबही आपणच मांडला पाहिजे. कारण तो दुसऱ्या कुणी मांडला की त्यात आपली वस्ती नसते.

आधी बिघडले काय ते पाहू. हे थोडे शास्त्राचे आहे, पण अवघड नाही.

हवा गरम झाली की ती जास्त बाष्प धरते. तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी मोठी केली तर भरायला वेळ जास्त लागतो आणि उपडी केली तर एकदम जास्त पाणी येते. आभाळाचे तसेच झाले आहे. पाऊस लांबतो आणि आला की कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंत, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यांना आढळले. तापलेल्या अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोट अधूनमधून जोराने आत घुसतात, हे त्याचे कारण. आणि केंद्र सरकारच्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की १९५१ ते २०१५ या काळात देशातला जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला.

ही दोन्ही विधाने एकत्र वाचा. एकूण पाऊस कमी आणि एका दिवसातला पाऊस जास्त. म्हणून तर मराठवाड्यात जून-जुलैत टँकर फिरतो आणि सप्टेंबरात त्याच गावात बोट फिरते. जुनी माणसे याला कलियुग म्हणतात, काही जण नवस बोलतात. बुद्धाच्या अनुयायांनी मात्र कारण शोधायचे असते. हे असते म्हणून ते होते, हे आपण वंदनेच्या वेळी म्हणतो ते नुसते म्हणण्यासाठी नाही.

उन्हाचेही तेच. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला सर्वांत गरम मार्च ठरला. त्या मार्च-एप्रिलच्या लाटेचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांच्या गटाने संगणकावर दोन जगे मांडली, एक आजचे तापलेले आणि एक माणसाने न तापवलेले, आणि अशी लाट येण्याची शक्यता आज साधारण ३० पट झाली आहे असा निष्कर्ष काढला. वीटभट्टीवर कोण असते, डांबर कोण ओतते, दुपारी बारा वाजता गटारीत कोण उतरते, पत्र्याच्या खोलीत कोण झोपते, हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. जयंतीची मिरवणूक आपण संध्याकाळी काढतो हे बरे आहे, पण एप्रिलच्या सकाळच्या कार्यक्रमातही आता मंडप आणि पाण्याची सोय आधी ठरवावी लागते, हे गावोगावच्या मंडळांनी लिहून ठेवावे.

चक्रीवादळाचा एक अनुभव आमच्या पिढीने अंगावर घेतला आहे. २०१७ च्या डिसेंबरात ओखी नावाचे वादळ आले. श्रीलंका-कन्याकुमारीकडे तयार झालेले हे वादळ केरळ-तामिळनाडूच्या मच्छिमारांचा जीव घेऊन अरबी समुद्रातून वर सरकले आणि ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस पडू लागला. डिसेंबरात पाऊस! महापरिनिर्वाण दिनाला आलेली लाखो माणसे शिवाजी पार्कात होती. आम्ही तिथेच होतो. मैदानाचा चिखल झाला, महापालिकेने शाळा उघडल्या आणि लोकांना तिकडे हलवले. पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका गाठोडी डोक्यावर धरून रांगेत चालत होत्या. पण आमच्या डोळ्यांपुढून जात नाही ती पुस्तके. वर्षभर पैसे जमवून, उसनवारी करून छोट्या प्रकाशकांनी छापलेली पुस्तके ताडपत्रीखाली फुगत होती. ज्या मेळ्यात माणसे भाकरीच्या पैशातून पुस्तक विकत घेतात, तिथे पुस्तकांचे स्टॉल भिजणे म्हणजे चळवळीचे भांडवल भिजणे. त्याचा पंचनामा कुणी केला नाही. करतात असे कुणाला वाटलेही नाही.

आता कुणी म्हणेल, एक वादळ आले म्हणून लगेच हवामान बदल झाला का? रास्त प्रश्न आहे. एखाद्या वादळाकडे बोट दाखवून हे त्यामुळेच असे म्हणता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र अभ्यास लागतो. पण एकूण हिशेब दिसतो. पुण्याच्या त्याच संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत साधारण ५२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पुढे जून २०२० मध्ये निसर्ग अलिबागजवळ धडकले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेले, हे कोकणातल्या बांधवांना आठवत असेल.

इथपर्यंत शास्त्र. इथून पुढे जात सुरू होते.

पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, हे वाक्य आम्ही प्रत्येक आपत्तीनंतर कुणा ना कुणा पुढाऱ्याच्या तोंडून ऐकतो. पडत असेल सारखा. वाहतो मात्र उताराने, आणि उताराला कोण राहते हे गावाने फार पूर्वी ठरवून ठेवले आहे. गावाची उंच जागा पाटलाच्या वाड्याला आणि देवळाला. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अंगाला, जिथे गावाचे सांडपाणी उतरते तिथे. ही रचना करताना कुणी पूररेषा मोजली नव्हती, विटाळ मोजला होता. आज तोच विटाळाचा नकाशा पुराचा नकाशा झाला आहे. शहरात गेलो तरी सुटका नाही. नाल्याच्या काठची, खाडीच्या भरावावरची, डोंगराच्या कडेची जागा आपल्या वाट्याला येते, कारण तिथेच भाडे परवडते आणि घर देताना कुणी आडनाव विचारत नाही.

पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आता गंमत पाहा. या रेषा जुन्या पावसाच्या नोंदीवर आखलेल्या असतात. पाऊसच बदलला तर पंचवीस वर्षांचा पूर दहा वर्षांत येणार. म्हणजे रेषा नव्याने आखल्या पाहिजेत. पण व्यवहारात रेषेचा उपयोग कशाला होतो? वस्तीला अतिक्रमण ठरवायला. त्याच रेषेत भराव टाकून मंगल कार्यालय उभे राहते तेव्हा नियम वाकतो, आणि झोपडीच्या वेळी ताठ होतो.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर आम्ही काही कार्यकर्ते सीना नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात गेलो होतो. धराशिव, बीड, सोलापूर, जालना सगळीकडे त्या महिन्यात हाहाकार होता. गावाचे नाव इथे मुद्दाम देत नाही, लोकांना तिथेच राहायचे आहे. बौद्ध वस्तीत आणि शेजारच्या मातंग वस्तीत कमरेच्या वर पाणी होते. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी उतरून गेले होते. भिंतीवर ओल, धान्याला मोड, चुली विरघळलेल्या, आणि प्रत्येक घरासमोर वाळत घातलेले कागद. आधार कार्ड, शाळेचे दाखले, जातीचे दाखले. एका घरात तर बाबासाहेबांचा फोटो तेवढा कोरडा होता, कारण तो सगळ्यांत उंच खिळ्याला होता.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आले होते. माणसे वाईट नव्हती, थकलेली होती. पण त्यांच्या हातातला तक्ता काय विचारत होता? सातबारा कुणाचा. पीक कोणते. क्षेत्र किती. वस्तीतल्या बहुतेक घरांना शेत नाही. काही जण बटाईने करतात, त्यांचे सोयाबीन गेले, पण सातबारा मालकाचा, म्हणून पैसे मालकाच्या खात्यात. मालक त्यातले काही देईल की नाही, हे त्याच्या मनावर. काही घरे तीस-पस्तीस वर्षे गायरान कसतात. शासनाने १९९१ साली निर्णय काढून १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षातली. त्यानंतर किती जणांच्या हातात सातबारा आला, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजावे. या गावातल्या गायरानधारकांकडे दंडाच्या पावत्या होत्या, सातबारा नव्हता. जमीन खरडून गेल्यावर हेक्टरी ४७ हजार मिळतात, हे त्यांनी मोबाईलवर ऐकले होते.

एका मावशीच्या चार शेळ्या वाहून गेल्या. शेळीमागे चार हजार रुपयांची तरतूद आहे. पण त्यासाठी मेलेली शेळी दाखवावी लागते. मावशी म्हणाली, “भाऊसाहेब, शेळी सापडली असती तर ती वाहून गेली असं कोण म्हणलं असतं?” भाऊसाहेबांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे उत्तर नव्हते, आणि तक्त्यात रकाना नव्हता.

कपडे आणि भांडी यांसाठी प्रत्येकी अडीच हजार रुपये मिळतात, पण घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असले पाहिजे. रात्रीत येऊन सकाळी उतरणारा पूर या नियमात बसत नाही. हा नियम संथ चढणाऱ्या, आठवडाभर थांबणाऱ्या पुराचा आहे. आज पाऊस कसा पडतो ते वर सांगितले. दोन तासांत होत्याचे नव्हते होते. आभाळ बदलले, तक्ता जुनाच राहिला.

आणि सगळ्यांत मोठे नुकसान तर कुठल्याच तक्त्यात नव्हते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सोयाबीन काढणीचा हंगाम. वस्तीतल्या नवरा-बायकोंच्या टोळ्या एकरावर गुत्ते घेतात आणि वर्षातला सर्वांत रोख पैसा या तीन-चार आठवड्यांत मिळतो. त्यातून किराणा दुकानाची उधारी फिटते, पोरांची फी जाते, नागपूरच्या गाडीभाड्याची सोय होते. पीक पाण्यात गेले म्हणजे मालकाचे पीक गेले आणि मजुराचा हंगाम गेला. मालकाला हेक्टरी काहीतरी मिळते, कमी मिळते, उशिरा मिळते, आम्ही त्याची थट्टा करत नाही. लहान शेतकऱ्याचे हाल आम्ही पाहिले आहेत आणि त्यात आपलेही बांधव आहेत. पण मजुराला शून्य. मग तो काय करतो? मुकादमाकडे जातो. उचल जास्त घेतो. जेवढी उचल जास्त तेवढे कारखान्यावरचे दिवस जास्त, आणि पोरगी शाळेतून निघून कोयत्यामागे जाते. अरबी समुद्र तापण्यापासून आठवीतल्या मुलीची शाळा सुटण्यापर्यंतची ही साखळी आहे. यातली एकही कडी ‘पर्यावरण’ या नावाने ओळखली जात नाही.

सरकारने त्या ऑक्टोबरात ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत शेतकरी हा शब्द होता. मजूर हा शब्द आम्ही शोधत राहिलो.

दुसरीकडे एक नवी चलाखी सुरू झाली आहे, तिच्याबद्दल तरुणांनी सावध राहावे. काही झाले की ‘ढगफुटी’. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. आपल्याकडे मात्र पूल वाहिला की ढगफुटी, नाला तुंबला की ढगफुटी. आता त्याच्या जोडीला ‘हवामान बदल’ आला. म्हणजे ज्यांनी ओढे बुजवले, वाळू उपसली, धरणातले पाणी वेळेवर सोडले नाही, ते सगळे मोकळे. निसर्गापुढे कुणाचे काय चालते! पूर्वी हे ‘देवाची करणी’ म्हणायचे, आता शास्त्राचा शब्द वापरतात, एवढाच फरक. तेव्हा आपल्याला दोन आघाड्यांवर बोलावे लागेल. हवामान बदलत नाही म्हणणाऱ्यालाही उत्तर द्यायचे आणि सगळे हवामानामुळे म्हणणाऱ्यालाही. पाऊस वाढला हे खरे. तो कुणाच्या घरात शिरला हे माणसांनी ठरवले, हेही खरे.

इर्शाळवाडी आठवा. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवला गेला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच नंतर सांगितले. त्याआधी २०१४ साली माळीण, २०२१ साली महाड तालुक्यातले तळिये. दर वेळी पाऊस विक्रमी असतो आणि दर वेळी यादी अपुरी असते. यादीत नाव नसणे ही आपल्या समाजाची जुनीच ओळख आहे. दिलासा छावणीतही ती पाठ सोडत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना छावण्यांत आणि मदतवाटपात वेगळे काढल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. समुद्राने घर नेले, पण विटाळ नेला नाही.

तळियेची दरड कोसळली त्याच दिवसांत, जुलै २०२१ मध्ये, महाड शहरही सावित्रीच्या पुरात बुडाले होते. चवदार तळ्याच्या गावात आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलो. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही.

बाबासाहेबांचा पाण्याबद्दलचा विचार आपल्याकडे महाडपाशीच थांबवला जातो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांची योजना त्यांच्या खात्याकडे होती. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी पुराकडे केवळ संकट म्हणून पाहणाऱ्या इंजिनिअरांचा दृष्टिकोन खोडून काढला. माणसाचे हाल जास्त पाण्यापेक्षा पाणी नसल्यामुळे अधिक होतात, म्हणून पुराचे पाणी साठवा, त्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक करा, असा त्यांचा आग्रह होता. आज मोठ्या धरणांचे गुणदोष आपल्याला अधिक कळतात आणि विस्थापनाची किंमत कुणी मोजली तेही. पण पद्धत पाहा. ते पुरापुढे हात जोडत नाहीत आणि नुसती मदतही मागत नाहीत. ते नदीचे आकडे मागतात, खोऱ्याची योजना मागतात, राज्यसंस्थेला जबाबदार धरतात. आज ते असते तर त्यांनी जुन्या पावसाच्या आकड्यांवर आखलेली पूररेषा टेबलावर परत फेकली असती, असे आम्हाला वाटते.

एक मुद्दा चळवळीतल्या डाव्या मित्रांसाठी. हवा तापवली कुणी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, श्रीमंत देशांनी भरपाई दिली पाहिजे हेही मान्य. पण देशाच्या नावाने येणारा पैसा देशात कुणापर्यंत पोहोचतो? ज्या घरात मोटार नाही, फ्रीज नाही, ज्याची वीज महिन्यातून दहा दिवस तोडलेली, त्याच्या नावाने जागतिक परिषदेत हक्क मागायचा आणि पंचनाम्यात त्याला वगळायचे, याला आम्ही न्याय म्हणत नाही.

मग करायचे काय, असे तरुण कार्यकर्ते विचारतात. मोर्चे काढूच. पण एक काम आहे ज्याला मोर्चाइतकीच किंमत आहे आणि जे फार थोडे लोक करतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ पासूनचे केंद्राचे निकष काढून वाचा. त्यात एक बाब अशी आहे की आपत्तीमुळे ज्या कुटुंबाची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली, त्या कुटुंबातल्या दोन प्रौढ माणसांना रोजगार हमीच्या मजुरीच्या दराच्या मर्यादेत, ठराविक दिवसांसाठी, रोजच्या हिशेबाने मदत देता येते. सातबारा लागत नाही. शेत लागत नाही. हंगाम बुडालेल्या मजुरासाठीच जणू ही ओळ लिहिली आहे. आमच्या पट्ट्यात या बाबीखाली मजुरांना पैसे मिळालेले आम्ही पाहिलेले नाहीत. तहसील कार्यालयात विचारले तेव्हा आधी असे काही नसते म्हणाले, कागद दाखवल्यावर वरून आदेश नाही म्हणाले. आदेश नाही, म्हणजे मागणी नाही.

त्या गावात आम्ही तीन संध्याकाळी समाजमंदिरात बसून ६३ कुटुंबांची यादी केली. कुणी कुठे मजुरीला जाते, काढणीचे गुत्ते कुणाकडे ठरले होते, किती एकर, किती दिवस बुडाले, उचल किती घेतली. दहावी-बारावीच्या मुलींनी लिहून घेतले, आमच्यापेक्षा त्यांचे अक्षर चांगले आणि कुणाचे कुठे काम होते हे त्यांना तोंडपाठ. मातंग वस्तीतली घरे आणि दोन भटक्या कुटुंबांची पाले त्याच यादीत घेतली, वेगळी यादी करू दिली नाही. ग्रामसभेचा ठराव मागितला तेव्हा सरपंच म्हणाले, आधी शेतकऱ्यांचे होऊ द्या. आम्ही म्हणालो, दोन्ही एकाच ठरावात घ्या. बरीच वादावादी झाली, पण घेतले. अर्ज तहसीलला दिला, पोच घेतली, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. उत्तर अजून आलेले नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे.

यंदाचा पावसाळा सुरू होण्याआधी आपापल्या वस्तीची अशी यादी तयार ठेवा, पाणी आल्यावर कागद सापडत नाहीत. सोबत वस्तीचा साधा नकाशा काढा, मागच्या पुरात पाणी कुठल्या घराच्या कितव्या विटेपर्यंत आले होते ते भिंतीवर आणि वहीत दोन्हीकडे लिहा. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर. शेळ्यांचे फोटो आजच काढून ठेवा, तारखेसह.